तळ्यात पडलेला पत्ता

सकाळी साडेनऊच्या सुमारास सिस्टरांचा फोन आला. "सर, मी पोचलेय, पण इथे घरच नाहीये. समोर तळं आहे आणि पिन तळ्याच्या मधोमध दिसतेय."

घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या एका सेवेत मी रुग्णांची यादी आणि नकाशे सांभाळतो. प्रत्येक नोंदीत रुग्णाचा लेखी पत्ता असतो आणि त्याच्या शेजारी अक्षांश-रेखांश. हे अक्षांश-रेखांश कोणी हाताने भरलेले नसतात. पत्ता एका जिओकोडिंग सेवेकडे जातो आणि तिथून दोन आकडे परत येतात. त्या आकड्यांवरून सिस्टरांच्या फोनमध्ये पिन उभी राहते आणि दिवसभराच्या भेटींचा रस्ता आखला जातो.

त्या दिवशी सिस्टर ज्यांच्याकडे निघाल्या होत्या, त्या आजींच्या पायाला जखम होती. एक दिवसाआड ड्रेसिंग बदलावं लागायचं. शेवटी सिस्टरांनी घरी फोन लावला, आजींचा मुलगा मुख्य रस्त्यावर येऊन थांबला आणि त्यांना घेऊन गेला. उशीर झाला, तरी ड्रेसिंग झालं. त्यापुढे काही बिघडलं नाही. तरीही हे प्रकरण मला सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण शोध घेताना कळलं की चूक नकाशाची नव्हती, पत्त्याची नव्हती आणि सेवेचीही नव्हती. सेवेने आम्हाला खरं तेच सांगितलं होतं. आम्ही ते अर्धंच ऐकलं होतं.

पत्ता बरोबर, आकडे नेमके, जागा चुकीची

आधी मी पत्ता तपासला. घर क्रमांक, रस्ता, वसाहत, शहर, पोस्टल कोड असं सगळं होतं. आजींच्या मुलाला फोनवर शब्द न् शब्द वाचून दाखवला. तो म्हणाला, बरोबर आहे, पत्रं याच पत्त्यावर येतात.

मग आकडे पाहिले. दशांश चिन्हापुढे सात स्थळं होती. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर साधारण १११ किलोमीटर. त्या हिशेबाने सहावं दशांश स्थळ सुमारे ११ सेंटिमीटरचं आणि सातवं सुमारे एका सेंटिमीटरचं. म्हणजे आमच्या तक्त्यात आजींचं घर बोटाच्या रुंदीइतक्या बारकाव्याने नोंदलेलं होतं आणि प्रत्यक्षात ते पिनेपासून वाहनानेच जावं इतकं दूर होतं. इतके दशांश पाहिले की माणसाचा विश्वास बसतो. माझाही बसला होता. पण आकडा किती लांब छापला आहे, याचा तो किती खरा आहे याच्याशी काही संबंध नसतो. एखाद्या मोठ्या क्षेत्राचा मध्य गणिताने काढला तरी त्याला हवे तेवढे दशांश येतात.

पुढची पायरी मला आधीच सुचायला हवी होती. हेच अक्षांश-रेखांश आणखी कोणाच्या नोंदीत आहेत का, हे मी तक्त्यात शोधलं. उत्तर एका पडद्यावर मावलं नाही. वेगवेगळे रस्ते, वेगवेगळी घरं, पण सगळी माणसं शेवटच्या दशांशापर्यंत त्याच एका बिंदूवर उभी होती. त्यांच्यात समान काय होतं, तर फक्त पोस्टल कोड.

आजींचा पत्ता मी पुन्हा त्याच सेवेकडे पाठवला आणि या वेळी आलेलं उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात सेवेने पत्ता स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहिलेला होता: पोस्टल कोड, शहर, देश. घर क्रमांक नव्हता आणि रस्ताही नव्हता. खाली प्रकार लिहिला होता, पोस्टल कोड. बिंदूच्या स्वरूपापुढे 'अंदाजे' असं होतं. आणि एक खूण होती, की जुळणी अर्धवट आहे. थोडक्यात उत्तर असं होतं: तुमचं घर मला सापडलं नाही, रस्ताही सापडला नाही, हा कोड सापडला, त्याच्या क्षेत्रातला हा एक बिंदू घ्या.

आमचा प्रोग्राम त्यातले दोन आकडे उचलायचा आणि बाकीचं टाकून द्यायचा. तो प्रोग्राम मी तपासून मंजूर केला होता.

बिंदू कोणाचा असतो

जिओकोडिंग म्हणजे पत्ता दिला की बिंदू मिळतो, अशी आपली समजूत असते. आत जे घडतं ते थोडं वेगळं आहे. सेवा आधी मजकुराचे तुकडे करते: हा क्रमांक असावा, हे रस्त्याचं नाव, हे शहर. मग तिच्याजवळ असलेल्या वस्तूंच्या यादीत या तुकड्यांशी सर्वांत चांगली जुळणारी वस्तू ती शोधते. ही वस्तू इमारत असेल, रस्ता असेल, वस्ती, जिल्हा, डोंगर, रेल्वे स्थानक असं काहीही असेल. परत येतो तो त्या वस्तूचा बिंदू. तुमच्या पत्त्याचा नाही. या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. वस्तू घर असेल तर दोन्ही एकच. वस्तू पोस्टल कोड असेल तर तो बिंदू आजींचा नव्हेच.

म्हणून प्रत्येक गंभीर सेवा बिंदूसोबत वर्गीकरण देते. गूगलच्या सेवेत हे वर्गीकरण दोन वेगळ्या रकान्यांत येतं आणि ते वेगळं असणं महत्त्वाचं आहे. पहिला रकाना सांगतो की सापडलेली वस्तू कोणत्या प्रकारची: घराचा पत्ता, रस्ता, चौक, इमारत, इमारतीतला गाळा, शहर, उपनगर, पोस्टल कोड, नैसर्गिक ठिकाण, आस्थापना. दुसरा रकाना सांगतो की बिंदू कसा मिळाला. त्यात येऊ शकणारी उत्तरं चारच आहेत. रूफटॉप म्हणजे नेमक्या त्या पत्त्यासाठी नोंदलेला बिंदू. रेंज इंटरपोलेटेड म्हणजे दोन ज्ञात बिंदूंच्या दरम्यान हिशेबाने काढलेला. जिओमेट्रिक सेंटर म्हणजे रस्त्यासारख्या रेषेचा किंवा एखाद्या क्षेत्राचा मध्य. अप्रॉक्सिमेट म्हणजे नुसता अंदाज.

यातला दुसरा प्रकार समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि आमच्या यादीत त्याचे बिंदू भरपूर होते. त्याची मुळं जुनी आहेत. अमेरिकेच्या जनगणना विभागाने १९७० च्या जनगणनेसाठी डाइम नावाच्या फाइली तयार केल्या आणि १९९० च्या जनगणनेसाठी टायगर. त्यांत प्रत्येक घर नोंदलेलं नव्हतं. रस्त्याचा एकेक तुकडा नोंदलेला होता आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला घरांचे क्रमांक कुठून कुठपर्यंत जातात ते. बाकीचं काम त्रैराशिकावर सोपवलेलं.

समजा ४०० मीटरच्या एका तुकड्यावर एका बाजूला १ ते ९९ असे विषम क्रमांक नोंदलेले आहेत आणि आपल्याला २५ क्रमांकाचं घर हवं आहे. २५ मधून १ गेला, राहिले २४. ९९ मधून १ गेला, राहिले ९८. चोवीस भागिले अठ्ठ्याण्णव म्हणजे जवळजवळ पाव. सेवा रस्त्याच्या सुरुवातीपासून ९८ मीटरवर खूण ठेवते. पण प्रत्यक्षात त्या बाजूला ४९ पर्यंतच घरं असतील आणि ती सारख्या अंतरावर असतील, तर २५ क्रमांकाचं घर बरोबर मध्यावर, २०० मीटरवर येतं. शंभर मीटरची चूक झाली आणि हिशेबात कुठेही खोट नव्हती. पोस्टमनला ती चालेल. पावसात पिशवी घेऊन चालणाऱ्या सिस्टरांना ती जाणवते, तरी रस्ता बरोबर असल्यामुळे त्या विचारत विचारत पोचतात. म्हणून या प्रकाराकडे मी भीतीने पाहत नाही. फक्त पडद्यावर ती पिन रूफटॉपच्या पिनेसारखी दिसू नये.

सेवा खाली का उतरते

घर सापडलं नाही तर सेवा 'सापडलं नाही' एवढंच का सांगत नाही, असा प्रश्न आमच्यातल्या एकीने विचारला. माझ्या मते सेवा करते ते योग्यच आहे. ती एकेक पायरी मागे येते: घर नाही, तर रस्ता, रस्ता नाही, तर वस्ती, वस्ती नाही, तर शहर. पेलियास नावाचा खुला जिओकोडर असं झालं की जुळणीच्या प्रकारात सरळ फॉलबॅक असं लिहितो. कोणाला पावसाचा अंदाज दाखवायचा असतो, कोणाला जिल्हावार मोजणी करायची असते. त्यांना शहरापर्यंतचं उत्तर पुरतं. तुम्ही त्या बिंदूचं पुढे काय करणार आहात हे सेवेला कळण्याचा मार्ग नाही. तिने प्रकार सांगितला, तिथे तिचं काम संपलं. चालेल की नाही हे ठरवायचं काम आमचं होतं आणि ते करायला आमच्याकडे जागाच नव्हती, कारण प्रकाराचा रकानाच आम्ही ठेवला नव्हता.

राहिला प्रश्न तळ्याचा. पोस्टल कोड म्हणजे नकाशावरचा एक तुकडा, असं आपण मानतो. मुळात तो टपाल वाटण्याच्या सोयीसाठी केलेला गट आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये झिप कोड सुरू झाले ते पत्रं लवकर पोचावीत म्हणून. त्यांना आखीव सीमा नव्हत्या. लोकसंख्येचे आकडे कोडनुसार मांडता यावेत म्हणून तिथल्या जनगणना विभागाला २००० च्या जनगणनेसाठी कोडांशी जुळणारी स्वतंत्र क्षेत्रं तयार करावी लागली. कोड एका मोठ्या इमारतीचाही असू शकतो आणि कित्येक चौरस किलोमीटर पसरलेल्या वस्त्यांचाही.

आमच्या प्रकरणात त्या कोडची घरं तळ्याभोवती घोड्याच्या नालासारखी पसरलेली होती. नालाचा भूमितीय मध्य लोखंडावर येत नाही, पोकळीत येतो. तसंच इथे झालं. बिंदू क्षेत्राच्या आतच यावा अशी हमी देणारी वेगळी पद्धत भूमितीच्या साधनांत आहे. पोस्टजीआयएस या नकाशांच्या माहितीसाठीच्या साधनात त्यासाठी पॉइंट ऑन सरफेस हे फंक्शन आहे. पण तिने आमचं भलं झालं नसतं. पिन पाण्याऐवजी कोणाच्या तरी अंगणात पडली असती आणि सिस्टर अनोळखी दार वाजवत बसल्या असत्या. तळ्यात पडली म्हणून चूक डोळ्यांना दिसली. अंगणात पडली असती तर किती महिने तशीच राहिली असती, याचा विचार केला की अजूनही अस्वस्थ होतो.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. मॅक्समाइंड ही कंपनी इंटरनेट पत्त्यांवरून, म्हणजे उपकरणांच्या आयपी क्रमांकांवरून, ठिकाण सांगते. हे काम जिओकोडिंग नाही, पण त्याचं सख्खं भावंड म्हणावं इतकं जवळचं आहे. 'अमेरिकेत आहे, पण कुठे ते माहीत नाही' अशा पत्त्यांसाठी त्यांनी २००२ च्या सुमारास देशाच्या मध्याजवळचा एक सोपा, पूर्णांकातला बिंदू निवडला: ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. तो कॅन्सस राज्यात पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराच्या आवारात पडत होता. साठ कोटींहून जास्त इंटरनेट पत्ते त्या बिंदूला जोडले गेले. फसवणूक, धमक्या, हरवलेली माणसं अशा प्रकरणांचा माग काढत पोलीस आणि तपास अधिकारी वर्षानुवर्षं त्या शेतावर येत राहिले. 'देश' या पातळीचं उत्तर लोकांनी 'घर' या पातळीचं म्हणून वाचलं होतं. २०१६ मध्ये ही गोष्ट बातमीतून उघड झाली, तेव्हा कंपनीने तो बिंदू हलवून विचिटा शहराच्या पश्चिमेकडच्या एका जलाशयात नेला. तिथे तळं हा उपाय ठरला, कारण तिथे कोणाचं दार नाही.

ठिकाण आणि पत्ता एक नव्हे

आजींच्या नोंदीपुरतं थांबलो नाही. संपूर्ण यादी पुन्हा सेवेकडे पाठवली आणि या वेळी उत्तरातला प्रत्येक रकाना जपला. मग नोंदी प्रकारानुसार वेगळ्या केल्या. तेव्हा पोस्टल कोडखेरीज बरंच काही निघालं.

एका रस्त्याला जवळच्या टेकडीचं नाव आहे. पत्त्यात 'रस्ता' हा शब्द लिहायचा राहिला होता. सेवेने टेकडी दिली, प्रकार नैसर्गिक ठिकाण. काही पत्त्यांना शहर मिळालं होतं, काहींना त्याच नावाचा प्रशासकीय विभाग. नाव एकच, बिंदू दोन.

याचा उलगडा करायला मी वेगवेगळ्या संग्रहांची वर्गवारी वाचत बसलो, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आनंद याच वाचनाने दिला. जिओनेम्स हा भौगोलिक नावांचा खुला संग्रह. तो नाव असलेल्या प्रत्येक जागेला नऊ वर्गांपैकी एकात बसवतो: प्रशासकीय विभाग, जलाशय आणि प्रवाह, उद्यानं आणि विशिष्ट क्षेत्रं, लोकवस्ती, रस्ते आणि रेल्वे, इमारतीसारख्या ठिपक्याएवढ्या जागा, डोंगर-टेकड्या, समुद्राखालची रूपं आणि वनं. त्याखाली शेकडो उपप्रकार. त्यामुळे एकच शहर तिथे लोकवस्ती म्हणून एकदा आणि प्रशासकीय विभाग म्हणून पुन्हा एकदा येतं. ही पुनरुक्ती नव्हे. वस्ती वेगळी आणि तिच्या नावाने चालणारा कारभाराचा प्रदेश वेगळा. कारभाराचा प्रदेश वस्तीच्या कितीतरी बाहेर पसरलेला असतो आणि त्याचा मध्य शेतात येऊ शकतो.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणाऱ्या नॉमिनाटिम या जिओकोडरची पद्धत आणखी बोलकी आहे. तो प्रत्येक वस्तूला पत्त्यातली श्रेणी म्हणून ३० पर्यंतचा आकडा देतो. देश ४, राज्यं त्यानंतर, शहरं १३ ते १६, उपनगरं १७ ते २१, रस्ते २६-२७, आणि घरं अगदी शेवटी, ३०. आकडा जितका मोठा तितकी वस्तू लहान. नदी किंवा डोंगर मात्र या उतरंडीत बसत नाहीत, म्हणून त्यांची पत्त्यातली श्रेणी शून्य असते. ती शोधता येतात, पण कोणाच्या पत्त्याचा भाग होत नाहीत. हे वाचलं आणि आमच्या टेकडीचा प्रश्न सुटला. ठिकाण म्हणजे ज्याला नाव आहे ते. पत्ता म्हणजे कशाच्या आत काय आहे त्याची साखळी. टेकडी ठिकाण आहे. तिच्या आत कोणी राहत नाही.

दोन सेवांचे प्रकार एकमेकांवर चपखल बसतील अशी अपेक्षाही मला सोडून द्यावी लागली. गूगलमध्ये प्रशासकीय पातळ्यांना क्रमांक आहेत, पण दुसरी पातळी एका देशात जिल्हा असते आणि दुसऱ्या देशात वेगळंच काही. जपानमध्ये बहुतेक पत्ते रस्त्याच्या नावाने लिहिलेच जात नाहीत. तिथे विभाग, ठोकळा आणि इमारत असे क्रमांक उतरत जातात. तिथल्या उत्तरात रस्ता नसणं हा कच्चेपणा नव्हे. 'रस्ता सापडला नाही म्हणजे उत्तर वाईट' असा नियम कोणी लिहिला तर तो एका देशाच्या सवयीला भूगोल समजतो आहे, असं मी म्हणेन.

आम्ही काय बदललं, आणि त्यातही काय निसटलं

पहिला बदल सोपा होता. बिंदूसोबत आता पाच गोष्टी साठवल्या जातात: वस्तूचा प्रकार, बिंदू कसा मिळाला, जुळणी पूर्ण की अर्धवट, सेवेने पुन्हा लिहिलेला पत्ता आणि विचारल्याची तारीख. साठवण्याआधी सेवेच्या अटी मात्र वाचाव्यात. उत्तर किती दिवस जपता येतं यावर काही सेवांची मर्यादा असते.

दुसरा बदल सिस्टरांच्या फोनमधला. घर सापडलं असेल तरच पिन दिसते. हिशेबाने काढलेला बिंदू असेल तर रस्त्याचा तो तुकडा रंगतो. शहर किंवा पोस्टल कोड असेल तर पिन येतच नाही. तिथे एक वाक्य येतं: नेमकी जागा माहीत नाही, निघण्याआधी घरी फोन करा. सुरुवातीला आमच्यातल्या काहींना हे अपुरं वाटलं. काहीतरी दाखवा, रिकामं नको, असं त्यांचं म्हणणं. सिस्टर ठाम होत्या. "चुकीची पिन दिसली की मी विचारत नाही, सरळ निघते. काही नसलं तर निघायच्या आधी विचारते." त्यानंतर चर्चा झाली नाही.

मग आम्ही एक चुकीचं पाऊल टाकलं. रूफटॉपच्या नोंदी सुरक्षित धरल्या आणि त्यांच्याकडे पाहायचं सोडलं. काही दिवसांनी सहज तपासताना एक रूफटॉप नोंद शहराच्या दुसऱ्या टोकाला दिसली. त्या नावाचे दोन रस्ते होते, दोन वेगळ्या वसाहतींत, आणि सेवेने दुसऱ्या रस्त्यावरचं त्याच क्रमांकाचं घर उचललं होतं. बिंदू नेमका छपरावर होता, पण छप्पर दुसऱ्याचं. रूफटॉप हा शब्द बारकावा सांगतो. घर आपलंच आहे का, ते सांगत नाही. सुदैवाने त्या पत्त्यावर तोवर कोणाची भेट ठरलेली नव्हती. अर्धवट जुळणीची खूण या उत्तरातही होती, कारण वसाहतीचं नाव जुळलं नव्हतं. आता आम्ही सेवेने पुन्हा लिहिलेला पत्ता तुकड्या-तुकड्याने मूळ पत्त्याशी ताडून पाहतो. रस्ता, वसाहत, कोड यांतलं काही वेगळं निघालं, तर छप्पर कितीही नेमकं असो, नोंद तपासणीसाठी बाजूला जाते.

सगळ्यांत फसवी नोंद मात्र वेगळी होती. पत्ता असा: अमुक शाळेच्या मागे, तिसरं घर. सेवेला शाळा सापडली. शाळा तिच्या यादीत पक्की नोंदलेली, त्यामुळे बिंदू रूफटॉप. आम्ही फक्त दुसरा रकाना वाचत होतो, म्हणून ही नोंद सर्वोत्तम गटात गेली. पहिल्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं: आस्थापना. सेवेला शाळा नेमकी कुठे आहे ते ठाऊक होतं आणि तेच तिने सांगितलं. 'मागे' आणि 'तिसरं' हे शब्द तिच्या यादीत कुठल्याच वस्तूशी जुळणारे नव्हते, म्हणून ते गळून पडले. माणसासाठी मात्र सगळा पत्ता त्याच दोन शब्दांत होता. तेव्हापासून दोन्ही रकाने एकत्र वाचायचे असा नियम केला. रुग्ण घरी राहतो, म्हणून प्रकार आस्थापना आला की बिंदू कितीही नेमका असला तरी तो खुणेची जागा म्हणून दाखवायचा, घर म्हणून नाही.

अशा खुणेच्या जागेवर उभे असलेले पत्ते अजून आमच्याकडे आहेत. त्यांवर उत्तम उपाय प्रोग्राममधून आला नाही. सिस्टर भेटीला गेल्या की दारात उभ्या राहून फोनवर एक बटण दाबतात. फोन आपला बिंदू देतो आणि तो किती मीटर इकडेतिकडे असू शकतो तेही देतो. ही नोंद 'दारावर घेतलेला' या प्रकारात जाते. हा प्रकार कोणत्याही सेवेच्या वर्गवारीत नाही, आमचा आम्ही केला. पुढे कधी यादी पुन्हा सेवेकडे गेली तरी या प्रकारावर दुसरं काही लिहिलं जात नाही. सेवेचं उत्तर त्याच्या शेजारी तसंच राहतं, पुसलं जात नाही.

आजींची नोंद मी काल उघडून पाहिली. वरच्या ओळीत सेवेचं उत्तर आहे: पोस्टल कोड, अंदाजे, अर्धवट. त्याखाली सिस्टरांनी घेतलेला बिंदू, तारखेसह, बारा मीटरच्या फरकाने. त्याखाली त्यांनी टीप लिहिली आहे: पुढचं फाटक बंद असतं, मागच्या गल्लीतून या, तिसऱ्या पायरीला कठडा नाही. जखम भरत आली आहे, आता आठवड्यातून एकदाच जायचं असतं. त्याच तळ्यात उभ्या असलेल्या बाकीच्या नोंदी मी भेटींच्या क्रमात वर आणल्या आहेत. त्यातल्या दोन दारांवर या आठवड्यात सिस्टर जातील.